पीएच.डी.ची मौखिकी : परीक्षा की पाहुणचार?

चार-पाच वर्षांचे परिश्रम, अडीच-तीनशे पानांचा प्रबंध आणि विद्यापीठाच्या खिडकीवर मिळालेली पोचपावती. पीएच.डी.चा अभ्यासक येथवर आला की घरच्यांना वाटते, संपले एकदाचे! प्रत्यक्षात अनेकांचा खरा वनवास येथूनच सुरू होतो. प्रबंध कोणत्या परीक्षकाकडे गेला, अहवाल आला की नाही, मौखिकी केव्हा होणार, या साध्या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी त्याला खिडक्यांमागून खिडक्या पालथ्या घालाव्या लागतात. पाच वर्षांची शिष्यवृत्ती संपलेली असते, प्राध्यापकपदाच्या जाहिराती येऊन जात असतात आणि पदवीच्या रकान्यात ‘प्रबंध सादर’ एवढेच लिहिता येते.

नियम नाहीत म्हणून हे घडते काय? मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत प्रबंधाचे मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावे असे म्हटले होते. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नव्या नियमावलीने तर प्रबंध सादर झाल्यापासून मौखिकीच्या निकालापर्यंतची संपूर्ण प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधन घातले. परीक्षक दूर असेल तर मौखिकी ऑनलाइन घेण्याचीही मुभा दिली. सबबींचे सर्व दरवाजे बंद झाले. विलंब मात्र खिडकीतून आत आलाच!

याच नियमावलीत अभ्यासकासाठी सहा वर्षांची कमाल मुदत आहे. ती ओलांडल्यास पुनर्नोंदणी करून फार तर आणखी दोन वर्षे मिळतात. अभ्यासक चुकला तर त्याच्या नोंदणीवर गदा येते. विद्यापीठाने सहा महिन्यांची मर्यादा ओलांडली तर कोणावर काय येते? शिस्त केवळ दुर्बलांसाठी असेल, तर तिला शिस्त म्हणावे की मुजोरी?

दिरंगाईचे मूळ

बाहेरच्या किमान दोन परीक्षकांनी प्रबंध तपासायचा असतो. त्यांची संमती प्रबंध येण्यापूर्वीच घेऊन ठेवणे अशक्य आहे काय? सादरीकरणापूर्वी सल्लागार समितीसमोर अभ्यासकाचे निवेदन होतेच. त्याच सुमारास परीक्षक निश्चित केले, तर पुढचे कित्येक आठवडे वाचतील. परंतु आधी प्रबंध, मग यादी, मग स्वाक्षरी, मग पत्र, मग स्मरणपत्र अशी ही संथ मिरवणूक चालते. काही विद्वान परीक्षक संमती देतात आणि प्रबंध महिनोन्महिने कपाटात ठेवतात. मानधन तुटपुंजे आहे, ही त्यांची तक्रार खरी असेल. मग नकार द्यावा. एखाद्याच्या आयुष्याची वर्षे अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्या मानधनाने मिळतो?

आणि एवढे थांबून तारीख येते ती अशी की, पुढील चार दिवसांत सर्व सिद्धता करा! तेव्हा अभ्यासक कोणत्या तयारीला लागतो? परीक्षकांच्या आक्षेपांवर मनन करावे, की स्टेशनवर गाडी, उतरण्याची व्यवस्था, शाल-श्रीफळ आणि उपस्थितांचा अल्पोपाहार पाहावा? कित्येक ठिकाणी हा भार अलिखित नियमाने अभ्यासकावरच पडतो. परीक्षार्थीनेच परीक्षकाचे यजमानपद करायचे, ही कोणती रीत? अशा मौखिकीत प्रश्न विचारले जातात ते सौजन्यापुरते आणि टाळ्या वाजतात त्या वेळापत्रकाप्रमाणे.

पूर्वपक्षाचा विसर

वादाची इतकी समृद्ध परंपरा असलेल्या देशात हे व्हावे, याचे अधिक दुःख होते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही समर्थपणे मांडायचे आणि मगच आपला सिद्धान्त स्थापायचा, ही शास्त्रार्थाची शिस्त येथलीच. आचार्य शंकर आणि मंडनमिश्र यांच्या वादात निर्णयाचे आसन मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती हिच्याकडे होते आणि तिने पतीचा पराभव जाहीर केला, असे परंपरा सांगते. आज बहुधा मार्गदर्शकच परीक्षकांची नावे सुचवितो आणि मौखिकीतही बसतो. उभयभारतीची ती निःस्पृहता आज किती आसनांवर आढळेल?

इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. कवटीतील असमतोलाचा वंशाशी संबंध असल्याचे त्यांना पुराव्यात आढळले नाही. वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या मार्गदर्शकाला न रुचणारा हा निष्कर्ष त्यांनी मांडलाच. प्रबंधाचे समर्थन म्हणतात ते याला!

स्वीडनमध्ये मौखिकीपूर्वी किमान तीन आठवडे प्रबंध जाहीररीत्या प्रसिद्ध करावा लागतो. नियुक्त प्रतिवादी सर्वांसमक्ष त्याची चिकित्सा करतो. आपल्या नियमांतही मौखिकी परीक्षकांच्या अहवालांतील टीकेच्या आधारे आणि इतर प्राध्यापक व अभ्यासकांना खुली असावी असे आहे. पण प्रबंध आधी कोणी पाहिलेलाच नसेल, तर ते प्रश्न विचारणार कशावर? मोकळ्या खुर्च्यांपुढचे खुलेपण हे खुलेपण नव्हे.

उपाय अवघड नाहीत

परीक्षकांची संमती प्रबंधापूर्वी घ्यावी. प्रबंध स्वीकारतानाच मौखिकीचा संभाव्य महिना लेखी द्यावा आणि प्रत्येक टप्प्याची तारीख अभ्यासकाला कळावी. परीक्षकांचे अहवाल त्याच्या हाती किमान पंधरा दिवस आधी पडावेत. प्रबंधाची प्रत तीन आठवडे ग्रंथालयात असावी. आतिथ्याचा सर्व खर्च विद्यापीठाने करावा. अभ्यासकाकडून चहाचा पेलाही घेऊ नये. विलंब झाला तर त्याची कारणे विद्यापरिषदेपुढे यावीत.

अभ्यासकांनीही आपल्या कर्तव्याची जाणीव ठेवावी. संगणकावरच्या सरकचित्रांची सजावट म्हणजे तयारी नव्हे. आपल्या प्रबंधातील सर्वांत कच्चे प्रकरण कोणते, विरुद्ध पुरावा कोणता, ज्यावर आपण भिस्त ठेवली त्या ग्रंथाला कोणी आव्हान दिले आहे, याची उत्तरे मित्रांसमोर उभे राहून दहादा द्यावीत. जो प्रश्नांना घाबरतो त्याने संशोधक म्हणवून घेऊ नये.

‘शोधगंगा’च्या संग्रहात आज लाखो प्रबंध जमा आहेत. त्यांतील किती प्रबंध खऱ्या प्रश्नांच्या अग्नीतून तावून-सुलाखून निघाले? राष्ट्राचे ज्ञानवैभव पदव्यांच्या संख्येने मोजले जात नाही. पालक, प्राध्यापक आणि विद्यार्थी संघटना यांनी आपापल्या विद्यापीठाला एकच प्रश्न विचारावा : सहा महिन्यांचा नियम तुम्ही पाळता की नाही? उत्तर लेखी मागावे आणि ते मिळेपर्यंत स्वस्थ बसू नये.