तिच्यासाठी एक गल्ली

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे. कुत्रा आणायचा, दोघांनी मिळून आणायचा आणि विकत न घेता दत्तक घ्यायचा. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून बरंच काही घेतलं. फ्रिज घेतला, गाडी घेतली, कर्ज काढून हे घर घेतलं. जीव मात्र पहिल्यांदाच आणतो आहोत. त्यामुळे या निर्णयाला लागेल तेवढा वेळ लागू द्यायचा, असं ठरवलं आहे. त्या वेळात जे कळत गेलं ते आज लिहिते आहे, कारण आमच्यासारखी जोडपी या शहरात पुष्कळ आहेत. दोघंही नोकरी करणारी, बंद दाराच्या फ्लॅटमध्ये राहणारी आणि कुत्र्यांवर मनापासून जीव असणारी.

कुत्रा तसा आम्हा दोघांनाही नवा नाही. मी पुण्यात, नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. वाड्यात एक तांबडी कुत्री होती आणि ती नेमकी कुणाची, हे कुणालाच सांगता आलं नसतं. सकाळी एका बिऱ्हाडातून शिळी पोळी, दुपारी दुसऱ्यातून भाताची खरवड. ती व्याली की जिन्याखाली पोतं अंथरायला कुणीतरी यायचंच. पिल्लांना नावं आम्ही मुलं ठेवायचो. नवरा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. तिकडे भाकऱ्या थापून झाल्या की शेवटची चतकोर दारातल्या कुत्र्याची आणि रात्रीची राखण त्या कुत्र्याची. हा व्यवहार इतका अंगवळणी पडलेला, की त्याबद्दल कुणी बोलतही नसे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी कुत्री असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्याला लहानपणीच भेटलेले असतात.

शहरातही हे नातं जुनं आहे. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा कोट भागातल्या पारशांनी हरताळ केला, दंगल उसळली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, हे त्यामागचं मोठं कारण. पण मला त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. ती कुत्री कुणा एकाच्या मालकीची नव्हती, तरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरणारी माणसं होती. मालक नसला तरी त्या कुत्र्यांना गल्ली होती.

फ्लॅटमध्ये आणलेल्या कुत्र्याला ती गल्ली नसते. त्याचं खाणं, फिरणं, खेळ, आजारपण, सोबत हे सगळं दोन माणसांवर येतं आणि ती दोन माणसं सकाळी नऊला कुलूप लावून बाहेर पडतात. वाड्यातल्या बिऱ्हाडांनी न बोलता वाटून घेतलेलं काम आता दोघांनी बोलून वाटून घ्यायचं असतं. शहरात कुत्रा पाळण्यातली खरी अडचण मला इथे दिसते. लॉकडाउनच्या काळात घरी असलेल्या अनेकांनी कुत्री आणली. ऑफिसं उघडली तशी त्यातली काही रस्त्यावर आली, काही संस्थांच्या दारात आली. त्या माणसांचा जीव नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दिवसाचं गणित बदललं आणि सावरायला आजूबाजूला कुणी नव्हतं.

म्हणून आम्ही आधी आमच्या दिवसाचं गणित मांडलं. सुरुवातीला दोघांच्याही मनात पिल्लूच होतं. पण पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. त्याआधी ते विकायला कायद्यानंही बंदी आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं. माणसं, आवाज, इतर कुत्री यांची भीती राहणार की नाही, हे बरंचसं त्याच काळात ठरतं. नेमकं तेव्हाच पार्वो आणि डिस्टेंपरच्या लशींचे डोस पूर्ण व्हायचे असतात, त्यामुळे रस्त्यावर मोकळं सोडता येत नाही. दिवसातून तीन-चारदा खायला लागतं, दर थोड्या वेळानं शू करायला न्यावं लागतं आणि दात शिवशिवत असल्यानं चपलेपासून सोफ्यापर्यंत सगळं तोंडात जातं. हे सगळं करायला घरात दिवसभर कुणीतरी हवं. आमच्याकडे ते नाही. तेव्हा मोठा, सवयी लागलेला, दुपारी शांत झोपू शकणारा कुत्रा बघायचा, यावर आमचं एकमत झालं.

शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये आम्हाला मिरी भेटली. काळी, छातीवर पांढरा ठिपका, अडीच-तीन वर्षांची. गाडीनं उडवल्यामुळे मागचा एक पाय किंचित लंगडतो. कानाला नसबंदीची खाच. आम्ही आत गेलो तेव्हा बाकीची कुत्री जाळीवर पाय टाकून भुंकत होती आणि ती मागच्या भिंतीला अंग लावून उभी होती. तिथं काम करणारे दादा म्हणाले, "तिच्याकडं बघू नका. पाठ करून बसा नुसते. तिला वाटलं तर येईल." आम्ही फरशीवर बसलो. बऱ्याच वेळानं माझ्या चपलेपाशी नाक आलं. मग तिनं नवऱ्याच्या पँटची घडी हुंगली, घड्याळाचा पट्टा हुंगला, त्याचं कोपर एकदा चाटलं आणि पुन्हा भिंतीशी गेली. या वेळी मात्र ती खाली बसली, पुढचे पाय लांब केले आणि त्यावर हनुवटी टेकली. "बसली! नवीन माणसांपुढं बसत नाही ती," दादा म्हणाले. त्यांचा आनंद आमच्यापेक्षा मोठा होता.

तिला अजून कुणी का नेलं नाही, असं नवऱ्यानं विचारलं. दादांनी सांगितलं ते असं. लोक पिल्लं नेतात, त्यातही नर आधी नेतात. मोठी, त्यात मादी, त्यात काळी आणि त्यात लंगडी म्हटल्यावर कुणी थांबत नाही. मादी नको म्हणणाऱ्यांची कारणं ठरलेली: पिल्लं होतील, घरात डाग पडतील. नसबंदी झालेल्या मादीला यातलं काहीच लागू होत नाही. तरी नकार तसाच राहतो. मुलींच्या वाट्याला येणारा नकार दारातल्या कुत्रीच्या वाट्यालाही यावा, याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

दत्तक देण्याआधी शेल्टरनं एक फॉर्म भरायला दिला. घर स्वतःचं की भाड्याचं, बाल्कनीला जाळी आहे का, गावाला गेलात तर कुत्रा कुठे राहील, हे प्रश्न अपेक्षित होते. पुढचे तसे नव्हते. तुमच्यापैकी एकाची बदली झाली तर? मूल झालं तर? तुम्ही दोघं वेगळे झालात तर कुत्रा कुणाकडे राहील? शेवटच्या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मग नवरा म्हणाला, "लिही, ज्याच्याकडे तिला जास्त वेळ मिळेल त्याच्याकडे. खर्च मात्र दोघांनी करायचा." मी तसंच लिहिलं. त्या एका ओळीमुळे आमचा एकमेकांवरचा विश्वास वाढला असं मला वाटतं. स्वतःच्या रागलोभाच्या वर तिसऱ्या जिवाची सोय ठेवायला आम्ही दोघं तयार आहोत, हे कागदावर उमटलं.

मतभेदही झाले. नवऱ्याच्या मते कुत्र्यानं बाल्कनीत झोपावं, माझ्या मते घरात. त्याच्या गावी कुत्र्यासाठी अंगण होतं, झाड होतं, येणारी-जाणारी माणसं होती. आमच्या बाल्कनीत दुपारचं ऊन आणि खाली वाहनांचा आवाज आहे. हे बोललो तेव्हा त्यानंच हॉलमधला पंख्याखालचा कोपरा मोकळा केला. खाण्याबद्दल आम्ही डॉक्टरांचंच ऐकायचं ठरवलं. आपल्याकडे कुत्रा म्हटला की दूध-पोळी. पण मोठ्या वयाच्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही आणि नुसत्या पोळीवर प्रथिनं मिळत नाहीत. भात, उकडलेलं अंडं किंवा चिकन, थोडा लाल भोपळा, असं ताट ठरलं आहे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यासाठी विषारी असतात, हे आम्ही फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावलं आहे. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण कशात नसतं? उरलेली आमटी तिच्या ताटात पडणार नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

सासूबाईंची काळजी रेबीजची होती. ती काळजी खरी आहे. गावात त्यांनी एक मृत्यू पाहिलेला आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि विनाविलंब दवाखाना गाठून लस घ्यायची, हे प्रत्येक घरात माहीत असलं पाहिजे. मिरीला लस दिलेली आहे, दर वर्षी ती पुन्हा द्यायची आहे. हे सगळं मी त्यांना समोर बसून सांगितलं. "अगं, मग तिच्या इंजेक्शनची तारीख माझ्या कालनिर्णयावर लिहून ठेव," त्या म्हणाल्या. त्यांचा होकार मी तिथेच धरला.

रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून सध्या देशभर वाद आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात, ज्यांना अशी कुत्री दत्तक घ्यायची आहेत त्यांना महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली आणि दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. मला ही अट रास्त वाटते. ज्यांच्या मुलांना कुत्री चावली आहेत, त्यांची भीती उडवून लावायचा मला अधिकार नाही. त्या भीतीला माझ्या हातात असलेलं उत्तर एवढंच, की जी एक कुत्री मी घरी आणेन तिची जबाबदारी शेवटपर्यंत घेईन. गावठी कुत्री नीट सांभाळली तर बारा-पंधरा वर्षं जगतात. शेवटपर्यंत म्हणजे तेवढी वर्षं.

सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. तो कागद आमच्याकडे आहे, पण तो काढायची वेळ येऊ नये असं दोघांनाही वाटलं. आम्ही मजल्यावरच्या प्रत्येक दारात गेलो. समोरच्या काकूंना कुत्र्यांची लहानपणापासून भीती आहे. त्या लिफ्टमध्ये असतील तेव्हा आम्ही थांबायचं, जिन्यात पट्टा आखूड धरायचा, असं त्यांच्याशी बोलून ठरलं. शी उचलायची पिशवी आणि महापालिकेचा परवाना हे आमच्याकडे असणारच, हेही सांगितलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका मात्र आम्ही न विचारता म्हणाले, "दुपारी एकदा मी खाली फिरवून आणत जाईन. मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, त्यांच्या घरी दोन आहेत, त्यांना सवय आहे. वॉचमननं तिचं नाव आधीच विचारून ठेवलं आहे.

मिरीला आम्ही दिवाळीनंतर आणणार आहोत. फटाक्यांच्या आवाजानं दर दिवाळीत कुत्री बिथरून पळतात आणि हरवतात. जिला घराचा वासही ओळखीचा झालेला नाही, ती पळाली तर परत कुठे येणार? शेल्टरची माणसं एक ढोबळ हिशेब सांगतात. भीती उतरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. आम्ही रजा एकाच वेळी न घेता पाठोपाठ घेतो आहोत, म्हणजे पहिले आठवडे ती एकटी राहणार नाही. आमच्यापैकी कुणी आजारी पडलं किंवा बाहेरगावी गेलं, तरी तिच्या ओळखीची चार माणसं याच इमारतीत असतील. वाड्यातल्या तांबडीला जे आपोआप मिळालं होतं, ते मिरीसाठी आम्ही दारोदार जाऊन जमवलं आहे.

कुत्रा आणायचं मनात असलेल्या जोडप्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की कुत्रा निवडण्याआधी ही माणसं जमवा. आणि ज्यांना कुत्रा पाळायचा नाही, त्यांच्याकडेही माझी एक मागणी आहे. तुमच्या इमारतीतल्या एखाद्या नोकरदार जोडप्यानं उद्या शेल्टरमधून कुत्रा आणला, तर त्यांच्या घराची एक किल्ली आपल्याकडे मागून घ्या.