दुसरा डाव कुणाकडे आहे?

वसमतच्या मोंढ्यात हळदीचं एक पोतं येतं त्यामागं नऊ महिने असतात. लावण, खुरपण, काढणी, शिजवणं, वाळवणं. आणि मोबाइलवरच्या पोकरमध्ये ‘ऑल-इन’ दाबायला अर्धा सेकंद पुरतो. समोरच्या सगळ्या चिप्स एका फटक्यात पुढं. ही दोन्ही गणितं आता एकाच घरात नांदायला आलीत. म्हणून हे लिहावं लागतंय.

22 ऑगस्ट 2025 ला बंदीच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसा लावला की गुन्हा. शिक्षा चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. पोकरबाजी, अड्डा52 यांनी पैशाची टेबलं गुंडाळली. त्याआधी 1 ऑक्टोबर 2023 पासून हेच सरकार खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी खात होतं. जुलै 2025 मध्ये तर विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाट्यांच्या मोबाइलवर रमी दिसते असा व्हिडिओ राज्यानं पाहिला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, जाहिरात वगळत होतो. शेती खातं गेलं. मिळालं काय? क्रीडा खातं! आणि गोव्यात मांडवीवर तरंगणारे कॅसिनो आजही दिव्यांनी झगमगतात. बंदी कुणाला, परवाना कुणाला, हे समजायला वकील लागत नाही.

पण मित्रांनो, सरकारला शिव्या घालून आपलं काम संपत नाही. पोरं परदेशी साइटवर, टेलिग्रामच्या ग्रुपवर खेळायलेत. तिथं पैसा बुडाला तर दाद मागायला दारसुद्धा नाही. ते म्हणतात, ‘आम्ही जुगार खेळत नाही, डोकं लावतो.’ ठीक. मग डोकंच लावू.

तुझ्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडं राजांची. शंभरातून साधारण 82 वेळा तू जिंकशील. हाच सगळ्यात भारी हात. आपण 80 धरू. असा ऑल-इन एकदा लावलास तर टिकण्याची शक्यता 80 टक्के. लागोपाठ तीनदा लावलास तर 51. पाचदा लावलास तर 33. म्हणजे पाचही वेळा तुझा निर्णय बरोबर, तरी तीनातून दोनदा तू बाहेर! यात तुझी चूक एकही नाही.

आता बघ, बाहेर कोण जातं. ज्याच्यापुढं ढीग मोठा, तो तुझ्याशी हरला तरी खुर्चीवर बसलेलाच राहतो. तू हरलास की उठलास. बक्षिसाच्या उंबरठ्यावर तर तो मुद्दामच तुला दाबतो, कारण त्याला ठाऊक असतं की तुझा जीव त्या चिप्समध्ये अडकलाय. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला तुझा वाटा दुप्पट होत नाही. चिप्स गेल्या की मात्र वाटा शून्य.

मग थांबावं? थांबताही येत नाही. पत्ते पाहायच्या आधी टाकावा लागणारा पैसा, ज्याला ब्लाइंड म्हणतात, तो दर थोड्या मिनिटांनी वाढतो. बसून राहिलास तरी सावकाराच्या व्याजासारखा तो तुला पोखरतो. चिप्स उरतात दहा ब्लाइंडपुरत्या, तेव्हा जाणकारही सांगतात: टाक किंवा सोड, तिसरा रस्ता नाही. खाली पडलेल्याचा ऑल-इन ही मर्दानगी नव्हे, नाइलाज आहे. जाहिरातवाल्यांनी त्या नाइलाजाला हिंमत असं नाव दिलं नि विकलं. कंपनी मात्र टेबलावर बसतच नाही. ती आपला वाटा प्रवेश फीतूनच आधी कापून घेते.

पैसेवाल्याचा पोरगा हरला की पुन्हा फी भरून त्याच स्पर्धेत शिरतो. त्याच्यासाठी ऑल-इन हा एक डाव. मोंढ्यात पोती उचलणाऱ्याच्या पोराला दुसरी फी कुठून? लोन ॲपवरून. नाहीतर आईच्या बचत गटातून. धर्मराजानं द्रौपदी पणाला लावली, तरी तो धर्मराजच राहिला. आपल्या पोरानं बचत गटाचे पैसे लावले की तो जुगारी. पण एक गोष्ट दोघांनीही सारखीच केली: जिचं होतं तिला विचारलं नाही.

म्हणून पोरांनो, सांगणं एवढंच. ज्या टेबलावर तुला दुसरा डाव नाही, त्या टेबलावर बरोबर निर्णयसुद्धा तुला वाचवत नाही. उठ. आधीच बुडाला असशील तर लपू नको. लपलेलं कर्जच गळ्याचा फास होतं. अभ्यासिकेत, वस्तीत, दोन मित्रांपुढं आकडा मोठ्यानं सांग. लोन ॲपवाल्यानं फसवलं असेल तर 1930 ला कळव, पोलिसांत जा. रात्र खायला उठली तर 14416 लाव; तिथं ऐकून घेणारं माणूस आहे. आणि आपण बाकीच्यांनी त्या पोराला हसायचं नाही, उपदेश पाजायचा नाही. वही काढायची, त्याच्याशेजारी बसायचं नि कुणाचं किती देणं आहे ते लिहून काढायचं. त्याला दुसरा डाव द्यायचाच असेल तर तो असा.