फॉर्म्युला कुठपर्यंत चालतो?

१५ जानेवारी २०२२ ला प्रशांत महासागरात हुंगा टोंगा ज्वालामुखी फुटला. राखेचा ढग किती उंच गेला, हे मोजायचं कसं? नेहमीची पद्धत सोपी: सॅटेलाइटवरून ढगाच्या माथ्याचं तापमान घ्या आणि तेवढंच तापमान हवेत कोणत्या उंचीवर असतं ते बघा. पण जमिनीकडून वर जाताना थंड होणारी हवा स्ट्रॅटोस्फिअरमध्ये उलट गरम होत जाते. म्हणजे एकाच तापमानाला दोन उत्तरं! खरं कोणतं?

शेवटी कामी आली आपली शाळेतली भूमिती. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाच्या सॅटेलाइट्सनी तोच ढग वेगवेगळ्या कोनांतून टिपला होता. एकेक डोळा मिटून समोर धरलेलं बोट बघा, सरकल्यासारखं वाटतं ना? हाच पॅरॅलॅक्स. त्यावरून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उंची काढली ५७ किलोमीटर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअरच्याही वर!

हा नुसता विक्रम नाही. १९९१ च्या पिनाटुबो स्फोटातला गंधकाचा वायू स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचला आणि जग सुमारे अर्धा अंश थंड झालं. उंची चुकली, तर असे अंदाजही चुकणार.

सबमिशनच्या घाईत आपण फॉर्म्युला पाठ करतो आणि वरची 'असम्प्शन्स'ची ओळ सोडून देतो. त्या ओळीला मार्क नसतील, पण माझ्या मते इंजिनिअरची खरी परीक्षा तिथेच असते.