मोळी उचलणारीसाठी संशोधन

1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या निराधार मुली-बायकांना दौंड तालुक्यातल्या केडगावला आणलं. मुक्ती सदनात त्यांना नुसता आसरा मिळाला नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामं त्यांच्या हाती आली. अंध मुली ब्रेल शिकल्या. दयेच्या जोडीला धंद्याचं भान आणि नवं तंत्र, दोन्ही तिथं होतं.

याच भागात, शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात, दिवाळीच्या सुमारास तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढते. पोटुशी असली तरी पुष्कळदा तशीच.

उसाच्या वाणांवर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वर्षानुवर्षं संशोधन चालतं. ते हवंच. पण मोळी वर चढवायचं हलकं, स्वस्त साधन? कोपीपाशी उचलून नेता येईल असं न्हाणीघर? आणि तोडणी यंत्रामुळे ज्यांचा कोयता सुटेल, त्यांच्यासाठी कोणता उद्योग? यावर काम करणाऱ्या छोट्या संस्थांकडे देणगीदार वर्षभरात निकाल मागतात. अवजार पहिल्या हंगामात फसतं, दुसऱ्यात सुधारतं. किमान तीन हंगामांचा पैसा हवा, आणि आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून ती बाई सोबत हवी, तिच्या बुडालेल्या वेळेची मजुरी देऊन.

येत्या गाळपात या दोन तालुक्यांतल्या कारखान्यांनी अशा प्रयोगासाठी एकेक फड द्यावा, ही आमची मागणी आहे.