होस्टेलच्या खोलीतली करकर

झोपेत दात खाणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो. घरी आई सांगते, होस्टेलवर रूममेट वैतागून सांगतो. एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला सांगणारे कोणी नसते. मग सकाळी आखडलेल्या जबड्याचे आणि ठणकणाऱ्या कानशिलांचे खापर उशीवर फुटते. लहान मुलांच्या बाबतीत ‘पोटात जंत झाले’ हे निदान घरोघरी तयार असते. त्याला भक्कम वैद्यकीय आधार नाही.

दात घट्ट आवळले की गालाच्या मागच्या बाजूला बोटाला टणक फुगवटा लागतो. तो चावण्याचा स्नायू. झोपेत हेच स्नायू साधारण सेकंदाला एकदा, अशा लयीत आकसतात. गाढ झोपेपेक्षा उथळ झोपेत हे जास्त घडते. आधी मेंदूला काही सेकंदांची अर्धवट जाग येते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यानंतर जबडा चालू लागतो. दात वेडेवाकडे असल्यामुळे ते घासले जातात, ही समजूत दंतवैद्यकातही बराच काळ टिकून होती. आता ती मागे पडली आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तर असे मत मांडले की, निरोगी माणसात हा आजार नव्हे, स्नायूंची एक हालचाल आहे. काहींच्या बाबतीत ती घातक ठरू शकते एवढेच.

झोप जितकी तुटक, तितकी अशी अर्धवट जाग अधिक वेळा येते. विद्यार्थ्यांची झोप तुटक असण्याला कारणे भरपूर. १८ ते २५ या वयात ७ ते ९ तास झोप हवी असे मानले जाते. पण शरीराचे घड्याळ विशीच्या आसपासच सर्वांत उशिरा चालते, त्यामुळे रात्री एकपर्यंत डोळा न लागणे हा निव्वळ आळस नसतो. सकाळी आठला प्रॅक्टिकल ठेवणाऱ्या वेळापत्रकांना मात्र याची दखल घ्यावीशी वाटत नाही. त्यात सबमिशन, तोंडी परीक्षा, चोवीस तास उघड्या अभ्यासिका आणि बाहेरची चहाची टपरी. कॅफिनचे प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. रात्री दहाच्या कॉफीतले निम्मे कॅफिन पहाटे तीनलाही शिल्लक असते. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडत राहते. कॅफिन, दारू, तंबाखू आणि मानसिक ताण यांचा दात खाण्याशी संबंध अभ्यासांत वारंवार आढळला आहे. जागरण हेच त्याचे थेट कारण, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

अडचण मोजमापाचीही आहे. विद्यार्थ्यांवरचे बरेचसे अभ्यास प्रश्नावलीवर चालतात, आणि झोपेत काय होते हे झोपणाऱ्यालाच विचारतात. म्हणून नुसत्या सांगण्यावरून ‘शक्यता’, तपासणीत खुणा दिसल्या तर ‘दाट शक्यता’ आणि झोपेत उपकरणांनी नोंद घेतली तरच ‘खात्री’ अशी प्रतवारी करतात.

खुणा सहज ओळखू येतात: सुळ्यांची टोके सपाट, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे, गार पाण्याने शिणशिणणाऱ्या दाढा. इनॅमल एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही. खालचा पिवळसर थर उघडा पडतो. माप घेऊन बनवलेला नाइट गार्ड ही झीज गार्डवर घेतो, दात खाणे थांबवत नाही. गार्ड घेतला म्हणजे काम झाले, असे समजून झोपेचा प्रश्न तसाच सोडून देणारे पुष्कळ आहेत.

सोबत मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंगणे असेल, तर झोपेत श्वास अडकतो का हे तपासावे लागते. नैराश्यावरची काही औषधे सुरू केल्यावरही दात खाणे सुरू होते. अशा वेळी गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचे. डोस किंवा औषध बदलून त्रास कमी होऊ शकतो.