नोकरी नागपूरच्या वेशीबाहेर, बिऱ्हाड कोठे?

आपल्या समाजात मुलाची अथवा मुलीची नोकरी ठरली म्हणजे पेढे वाटले जातात, पगाराची चर्चा होते, कंपनीच्या लौकिकाची चौकशी होते. मात्र रुजू झाल्यावर राहावयाचे कोठे, हा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यात आणि तोही घाईघाईने उरकला जातो. जो व्यापारी दुकानाची जागा घेताना रस्त्याची वर्दळ, शेजारचा धंदा आणि माल उतरविण्याची सोय यांची महिनोन्‌महिने पारख करतो, तोच आपल्या मुलाचे बिऱ्हाड एखाद्या आप्ताच्या शब्दावर ठरवून मोकळा होतो. दुकानाची जागा चुकली तर नफा घटतो. बिऱ्हाडाची जागा चुकली तर घराचे स्वास्थ्य जाते. म्हणून या विषयाचाही रीतसर जमाखर्च मांडला जावा, असे आम्हांस वाटते.

पांढुर्णा व सौंसर येथील कुटुंबांना नागपूर परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्याच राज्याची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला. परंतु संत्री, कापूस आणि किराणा यांचा व्यवहार नागपूरशीच जडलेला राहिला. यामुळेच ‘नागपूरला नोकरी लागली’ एवढे म्हटले की आपल्याला सर्व समजल्यासारखे वाटते. वस्तुतः आज अनेक नोकऱ्या नागपूर शहरात नसून शहराच्या वेशीबाहेर आहेत. बुटीबोरी दक्षिणेस वर्धा मार्गावर, मिहान विमानतळापलीकडे, हिंगणा नैर्ऋत्येस, कळमेश्वर वायव्येस काटोलच्या वाटेवर, कोराडी व खापरखेड्याची वीजकेंद्रे उत्तरेस. नागपूरच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत जाण्यास लागणारा वेळ काही प्रसंगी काटोलहून नागपूरला येण्याइतका होतो. तेव्हा पहिला प्रश्न ‘नागपुरात घर कोठे स्वस्त?’ हा नसून ‘नोकरी कोणत्या दिशेस?’ हा असावयास हवा.

याबाबत आपल्याकडे दोन टोकांचे प्रघात आढळतात. पहिला प्रघात अप-डाऊनचा. गावी वाडवडिलांचे घर आहे, भाडे पडत नाही, आईच्या हातचे जेवण आहे. मग मुलाने रोज गाडीने जावे-यावे, असा विचार होतो. पांढुर्णा ते नागपूर हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. गाडी वेळेवर असली तरी दीड-दोन तास, आणि तेथून बुटीबोरीस पोहोचण्यास आणखी तासभर. एका खेपेस तीन तास धरले तर दिवसाला सहा, आणि महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत दीडशे तास होतात. म्हणजे महिन्यातील सहा अहोरात्रींहून अधिक काळ केवळ प्रवासात जातो. त्यातही आपला लोहमार्ग दिल्ली-चेन्नई हा हमरस्ता. उत्तरेत कोठे धुके पडले तर पांढुर्ण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या तरुणाची हजेरी चुकते. ज्या घरास आपण फुकटचे समजतो, त्याचे भाडे मुलगा आपल्या झोपेतून आणि प्रकृतीतून भरीत असतो.

दुसरा प्रघात याच्या अगदी उलट. नोकरी लागताच कर्ज काढून सदनिका घ्यावयाची, आणि तीही जेथे मामा किंवा आत्या राहतात तेथे. आप्तांचा शेजार मोलाचा आहे, यात शंका नाही. तथापि नव्या नोकरीची पहिली दोन वर्षे अस्थिर असतात. हिंगण्याची नोकरी सुटून बुटीबोरीची धरावी लागली तर घर मात्र जागचे हलत नाही. वीस वर्षांच्या हप्त्यांत अडकलेला तरुण चांगली संधी आली असताही ती सोडतो. आमचे स्पष्ट मत असे की, पहिले एक वर्ष तरी भाड्याने राहावे. चारही ऋतूंत तेथील पाणी, रस्ता, शाळा व शेजार पाहावा आणि मगच खरेदीचा विचार करावा. माल न पाहता बयाणा देणारा व्यापारी आपल्यात कोणी नाही. घराच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.

दिशा ठरली म्हणजे निवड बरीच सोपी होते. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल तर ते पांढुर्ण्याच्याच लोहमार्गावर आहे. अशा वेळी काटोल येथे बिऱ्हाड करणे नागपूरपेक्षा सोयीचे ठरू शकते. मात्र सोयीच्या वेळेची गाडी कळमेश्वरला थांबते की नाही, हे आधी पाहून घ्यावे. कोराडी-खापरखेड्याकडे काम असेल तर सौंसरच्या कुटुंबाने सावनेरचा विचार करावा. वाट तीच आणि घरही हाताशी. सौंसरची जुनी नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये बंद होऊन त्या मार्गाचे ब्रॉडगेज झाले आहे, हेही लक्षात घ्यावे. हिंगणा व मिहान यांसाठी मेट्रोने एक नवा पर्याय दिला आहे. डिसेंबर २०२२ पासून प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर हा मार्ग पूर्ण सुरू झाला असून तो चितारओळी, अग्रसेन चौक व नागपूर रेल्वेस्थानक यांवरून जातो; सीताबर्डीस गाडी बदलली की खापरीपर्यंत जाता येते. म्हणजे इतवारीच्या जुन्या वस्तीत, बाजाराच्या व मंदिरांच्या सान्निध्यात राहूनही मिहानची नोकरी करणे अशक्य राहिलेले नाही. बुटीबोरीपर्यंतच्या मेट्रोस २०२२ मध्येच मंजुरी मिळाली. परंतु मंजूर झालेल्या गाडीच्या भरवशावर नव्हे, प्रत्यक्ष धावणाऱ्या गाडीच्या भरवशावर घर घ्यावे.

आणि काम सौंसर तालुक्यातील बोरगावच्या वसाहतीत असेल तर? तेव्हा केवळ शहराच्या ओढीने नागपुरात संसार थाटून रोज उलटा प्रवास करणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. त्या तरुणाचे उपनगर सौंसरच होय.

बिऱ्हाड एकट्या नोकरदाराचे नसते, याचाही विसर पडू नये. आज आपल्या सुनाही शिकलेल्या आहेत, नोकरी करू इच्छितात. पतीच्या कारखान्याच्या फाटकाजवळ घर घेतले आणि पत्नीस कामावर जाण्यास वाहनच नाही, अशी निवड अर्धीच ठरते. पुष्कळ वेळा दोघांच्या कामांच्या मध्यावर, दोघांनाही थोडी तोशीस पडेल असे घर अधिक सुखाचे होते.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांस आणखी एक हिशेब करावा लागतो. डिसेंबराच्या आरंभी नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर जूनच्या अखेरीस सातच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यात घर कितीही जवळ असले तरी सायंकाळच्या भोजनाचा डबा सोबत न्यावाच लागेल. परंतु काम साडेपाचास सुटत असेल आणि घर अर्ध्या तासावर असेल, तर फाल्गुनापासून श्रावणापर्यंत सूर्यास्तापूर्वी घरच्या मंडळींत बसून जेवता येते. अप-डाऊन करणाऱ्याच्या वाट्यास हे सुख वर्षातून एकाही कामाच्या दिवशी येत नाही. नियमाचे पालन जसे निश्चयावर, तसेच ते घराच्या अंतरावरही अवलंबून आहे.

मुलांच्या शिक्षणात राज्याची सीमा आड येते. आपल्या घरी मराठी बोलली जात असली तरी अनेक मुलांचे शिक्षण हिंदीतून झालेले असते; महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांतून मराठी हा विषय अनिवार्य आहे. लहान मूल हे अंतर सहज ओलांडते, नववी-दहावीतील मुलास ते जड जाते. शिवाय उच्च शिक्षणाच्या प्रवेशांत अधिवासाला आणि दहावी-बारावी कोणत्या राज्यातून झाली याला महत्त्व असते. म्हणून स्थलांतर करावयाचे तर ते मुलाच्या प्राथमिक वर्गांत करावे, नाहीतर बारावी होऊ द्यावी. मधल्या वर्षी शाळा मोडू नये.

आता गावाकडच्या घराविषयी. मुलगा जवळ राहिला नाही म्हणून वडिलांनी रुसू नये, आणि आपण दूर गेलो म्हणून मुलाने घराकडे पाठ फिरवू नये. रोज रात्री थकून परतणारा आणि अंथरुणावर पडणारा मुलगा वडिलांच्या तितकासा जवळ नसतो. रविवारी ताजातवाना येऊन दुकानाच्या वह्या पाहणारा मुलगा अधिक जवळ असतो. नागपूर-पांढुर्णा हे अंतर रोजच्यासाठी फार आहे, आठवड्यासाठी मुळीच फार नाही. त्यासाठी येण्याचा दिवस ठरलेला असावा आणि तो पाळला जावा.

शेवटी, आपल्या संघासमोर आम्ही दोन सूचना ठेवतो. पहिली ही की, नागपुरातील व आसपासच्या सभासदांकडून भाड्याच्या खात्रीच्या घरांची, तसेच सूर्यास्तापूर्वी भोजन देणाऱ्या खानावळींची यादी दरवर्षी तयार करून ती प्रत्येक नव्या नोकरदारास द्यावी. यास फारसा खर्च नाही, आणि परक्या वस्तीत पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींस मोठा आधार आहे.

दुसरी सूचना आपल्या सर्वांसाठी आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. नवी कचेरी म्हणजे बाहेरगावचे कर्मचारी, आणि तेही आपल्या मुलांप्रमाणेच बायकामुलांसह घर शोधीत येणार. आपल्यापैकी कित्येकांचे वरचे मजले कुलूपबंद पडून आहेत. नागपुरात आपल्या मुलास कोणी जात, प्रांत विचारून दारातूनच परत पाठविले तर आपणांस वाईट वाटते. मग आपल्या दारी आलेल्यासही तसे परत पाठवू नये. घराचे नियम आधी मोकळेपणाने सांगावे, भाडे वाजवी घ्यावे आणि दार उघडावे. आपण परगावी ज्या वागणुकीची अपेक्षा करतो, ती आपल्या गावी इतरांस देणे हाच सचोटीचा व्यवहार होय.