हलके यंत्र, जड प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे अलीकडेच एका स्नेह्यांच्या घरी मुक्काम होता. दिवसभर कापूस उत्पादकांशी बोलून झाल्यावर रात्री ओसरीवर नवा लॅपटॉप उघडला. जुन्या यंत्राचे ओझे प्रवासात खांद्याला पेलवेनासे झाले होते. शिवाय विंडोज १०ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि पुढची आवृत्ती त्यावर चढेना. नवे यंत्र जेमतेम सव्वा किलोचे. वीज गेली, तरी लेखन थांबले नाही. यजमानांनी ते हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "भाऊ, हे बिघडलं त इथं दुरुस्त कोण करन?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच रात्री दुसरा प्रश्न उभा राहिला. जुने लेख उघडू लागलो, तो पडद्यावर मराठीऐवजी रोमन चिन्हांचे कडबोळे! कारण साधे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये संगणक 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवीतच नसे. रोमन चिन्हाचा क्रमांक साठवी आणि त्यावर देवनागरीचे चित्र चढवी. फाँट गेला की मजकुराचा अर्थही गेला. ज्या आज्ञावलीत ते लिहिले, तिचे कुलूप उघडणारा डोंगल जोडायला या सडपातळ यंत्रात जागाच नाही. वीस वर्षांचे लेखन माझेच, पण मलाच अपरिचित!

दोष यंत्राचा नव्हे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरी होती. त्याच वर्षीच्या भारतीय मानकात इनस्क्रिप्ट कळफलक समाविष्ट होता. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' महासंगणक साकारला आणि नागपुरात दत्तोपंत ठेंगडी यांच्या पुढाकाराने स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. साधन हाताशी होते, विचारही होता. आळस आपला होता. आजही कित्येक संस्थांच्या स्मरणिका, वृत्ते आणि इतिवृत्ते जुन्या फाँटांत अडकून पडली आहेत. स्वभाषेचा अभिमान भाषणात असावा आणि संगणकात मात्र रोमन क्रमांक असावेत, ही विसंगती आपण किती काळ चालू देणार?

आता यजमानांच्या प्रश्नाकडे वळू. यंत्र हलके व्हावे म्हणून अनेक लॅपटॉपांत स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते. पूर्वी तालुक्याचा कारागीर पेचकस घेऊन दहा मिनिटांत जे बदली, त्यासाठी आता सारा फलकच बदला, असे सांगितले जाते. फ्रान्सने २०२१पासून लॅपटॉपवर 'दुरुस्ती किती सुलभ' याचा गुणांक छापणे बंधनकारक केले. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' पोर्टल सुरू केले. ग्राहक मात्र खरेदीच्या वेळी वजन, रंग आणि किंमत यापलीकडे विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

स्वदेशीच्या दृष्टीने सरकारने पावले टाकली आहेत. मे २०२३मध्ये संगणक-उत्पादनासाठी १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. ऑगस्ट २०२३मध्ये लॅपटॉप आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर झाले, पण ते लगेच पुढे ढकलावे लागले आणि त्याची जागा सौम्य नोंदणी-व्यवस्थेने घेतली. निर्णय चुकला, असे मी म्हणणार नाही. आपली तयारी अपुरी होती. जोडणी येथे होते, हे स्वागतार्हच; परंतु प्रोसेसर, स्मृती आणि पडदा बहुतांशी बाहेरूनच येतात. मोहालीचा चिप-कारखाना १९८९ साली आगीत भस्मसात झाला. त्याच मोहालीत इस्रोसाठी घडलेला 'विक्रम' प्रोसेसर सप्टेंबर २०२५मध्ये देशापुढे आला. मधल्या काळात जग बरेच पुढे गेले होते.

म्हणूनच फुलसावंगीची आणखी एक आठवण सांगावीशी वाटते. ऑगस्ट २०२१मध्ये येथील एका तरुणाचा स्वतः बनविलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते डोक्याला लागून मृत्यू झाला. शिक्षण आठवीपर्यंतचे, हात वेल्डिंग-पत्राकामात घडलेले. जिद्द होती, बुद्धी होती. मार्गदर्शक आणि सुरक्षित प्रयोगशाळा नव्हती. आपण हळहळलो आणि विसरलो.

लोकमान्यांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने घरोघरी पैसा-पैसा जमवून १९०८मध्ये तळेगावला काच कारखाना काढला. त्याचे मोठेपण केवळ तेथे घडलेल्या काचेत नाही. काचकाम शिकविणे हाही त्याचा उद्देश होता. विदेशी बांगडीवर बहिष्कार घालणे सोपे; काच वितळवायला शिकणे कठीण. आपल्या पूर्वजांनी कठीण काम पत्करले.

आज आपल्याला काय करता येईल? प्रत्येक कार्यालयाने जुने लेखन युनिकोडमध्ये आणण्यासाठी दोन तरुण बसवावेत. नवे यंत्र घेताना ते उघडते का, सुटे भाग मिळतात का, हे विक्रेत्याला विचारावे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये संगणक-दुरुस्तीचे कसदार प्रशिक्षण मिळावे, यासाठी स्थानिक सज्जनशक्तीने पाठपुरावा करावा. डोक्यात कल्पना असलेल्या मुलाला गुरू मिळवून द्यावा. तो कोणाच्या घरचा, हे विचारू नये.

मी यंत्र परत केलेले नाही. प्रवासात ते उपयोगी आहे. पण ते बिघडेल त्या दिवशी फुलसावंगीतच कोणी तरी ते उघडून दुरुस्त करील, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने आपले झाले असे मी मानीन.